काचेतला समुद्र

संप म्हटले की आपल्यापैकी कोणालाही आधी एस.टी.चा नाही तर बँकांचा संप आठवेल. मलाही तोच आठवला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी ठाण्याला माझ्या आतेभावाकडे गेलो, तेव्हा दारातच दादाने सांगितले, की रात्री वीज गेली आणि संपाने घरभर पाणी केले. आत जाऊन पाहतो तो वहिनी चादरी पिळत होत्या आणि दादा एका काचेच्या टाकीपुढे उकिडवा बसून तिची लांबी-रुंदी मोजत होता.

दादाला खाऱ्या पाण्यातले मासे पाळण्याचा नाद आहे. दिवाणखान्यात दिसते ती वरची टाकी. तिच्याखाली कपाटात आणखी एक टाकी असते, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीतले जादा पाणी नळीवाटे आपोआप खाली उतरते, काचेचे पडदे घालून केलेल्या तीन कप्प्यांतून जाते आणि शेवटच्या कप्प्यातला छोटा पंप ते पुन्हा वर चढवतो. पहिल्या कप्प्यात घाण अडते. मधल्या कप्प्यात केसांच्या गुंत्यासारखे हिरवे समुद्रशैवाल वाढवतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात जी खतासारखी द्रव्ये साठतात ती हे शेवाळ शोषून घेते, आणि त्या गुंत्यात मुंगीहूनही बारीक असे कोळंबीच्या जातीचे जीव माशांच्या तोंडापासून वाचून आपली वीण वाढवतात. या कप्प्याला रेफ्यूजियम म्हणतात. म्हणजे आसरा. वरच्या टाकीतला दिवा मालवला की आसऱ्यातला दिवा लावायचा, म्हणजे रात्रीही कुठे तरी वनस्पतीचे काम चालू राहते आणि पाण्यातला प्राणवायू फार उतरत नाही.

हे सारे दादाने जुन्या काचा आणि सिलिकॉन आणून स्वतःच्या हातांनी जोडले होते. चूक एकच झाली. पंप थांबला की वर चढवणाऱ्या नळीतूनच पाणी उलटे खाली येऊ लागते. तेवढ्या पाण्यासाठी खालच्या टाकीत जागा रिकामी ठेवावी लागते, आणि त्या नळीला वर, पाण्याच्या पातळीलगत, एक बारीक भोक पाडावे लागते. त्यातून हवा शिरली की उलटा प्रवाह तुटतो. दादाने भोकही पाडले नव्हते आणि जागाही ठेवली नव्हती.

फरशी पुसून झाल्यावर चहा घेताना त्याने या छंदाच्या एका आद्य पुरुषाचे नाव घेतले: फिलिप हेन्री गॉस. मी चमकलो. हे नाव मला चांगले ठाऊक होते, पण वेगळ्याच कारणाने. एडमंड गॉसचे ‘फादर अँड सन’ हे आत्मकथन मी वाचले होते, त्यावर ट्यूटोरियलही लिहिले होते. त्या पुस्तकातला बाप तो हाच फिलिप. मी त्याला धर्मवेडा, कोरडा आणि मुलाचे बालपण करपवणारा अशा तीन विशेषणांत निकालात काढले होते. अशा माणसाने हजारो लोकांना समुद्रातल्या इवल्या जिवांवर जीव लावायला शिकवले, हे जुळायचे कसे? परत आल्यावर मिळेल ते वाचत गेलो. प्रस्तुत लेख म्हणजे माझ्या त्या ट्यूटोरियलची दुरुस्ती आहे.

फिलिपचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वुस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून लहान आकाराच्या तसबिरी रंगवणारे चित्रकार. प्राप्ती बेताची. बालपण गेले ते पूल या बंदराच्या गावी. तिथे त्याच्या आत्याने, सूझन बेलने, त्याला समुद्रपुष्पांची ओळख करून दिली. समुद्रपुष्प दिसायला फूल, पण असतो प्राणी. खडकाला चिकटून राहायचे आणि पाकळ्यांसारख्या भुजांनी शिकार धरायची, हा त्याचा जीवनक्रम. ही ओळख त्याला जन्मभर पुरली.

सतराव्या वर्षी, म्हणजे १८२७ साली, फिलिप अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडमधल्या कार्बोनियर गावी एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. दिवसभर हिशेब लिहायचे आणि उरल्या वेळात किडे जमवायचे. १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती आले आणि निसर्गाचा नाद पक्का झाला. त्याच वर्षी त्याचे मन धर्माकडेही ओढले गेले. दोन्ही वेडे एकाच वर्षी जडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या दृष्टीने ती दोन नव्हतीच. किड्याचा पंख पाहणे आणि तो घडवणाऱ्याची स्तुती करणे हे त्याला एकच काम वाटे.

पुढची काही वर्षे अपयशाची. १८३५ मध्ये त्याने कॅनडात शेती घेतली, ती तीन वर्षांत बसली. १८३८ मध्ये तो अलाबामात शाळामास्तर झाला. तो कापसाच्या मळ्यांचा मुलूख. गुलामांचे हाल पाहून त्याचे मन विटले आणि वर्ष पुरे होण्याआधीच तो तिथून निघाला. जवळ पैसा नव्हता, पण कीटकांची स्वतः रंगवलेली चित्रे होती आणि कॅनडावरच्या पुस्तकाचे हस्तलिखित होते. ते पुस्तक १८४० साली लंडनमध्ये निघाले. १८४४ मध्ये तो पक्ष्यांच्या अभ्यासासाठी जमैकाला गेला आणि सुमारे दीड वर्ष राहिला. तिथे सॅम्युएल कॅम्बेल नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण त्याचा साहाय्यक होता. त्याच्या तीक्ष्ण नजरेचे ऋण गॉसने आपल्या लेखनात मोकळेपणाने मान्य केले आहे. त्या काळच्या गोऱ्या संशोधकांत हा गुण सर्रास आढळत नाही.

१८४८ साली त्याने एमिली बोज हिच्याशी लग्न केले. तीही लेखिका होती आणि त्याच्याचसारखी ब्रदरन पंथाची. हा पंथ बायबलचा शब्दन् शब्द खरा मानणारा आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची रोज वाट पाहणारा. २१ सप्टेंबर १८४९ रोजी मुलगा झाला, तोच एडमंड. त्या दिवशीच्या रोजनिशीत फिलिपने मुलाच्या जन्माची आणि जमैकाहून आलेल्या एका हिरव्या पाकोळीची नोंद एकाच दमात केली आहे. या नोंदीवरून लोक त्याला हसत आले आहेत. मीही हसलो होतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. सततच्या लिखाणाने प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ साली गॉस डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. ओहोटी लागली की हातोडी-छिन्नी आणि बरण्या घेऊन तो खडकांवर उतरे. त्या काळी प्राणिशास्त्र म्हणजे बहुधा मेलेल्या प्राण्यांचे शास्त्र. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या समुद्रपुष्पाचा रंगहीन गोळा होतो, त्यावरून तो जीव कसा खातो, कसा चालतो, कसा वितो हे कळणार कसे? जिवंत जीव घरी आणावा, तर बरणीतले पाणी दोन दिवसांत कुजे आणि सारे मरे.

या प्रश्नाला आधीही काहींनी हात घातला होता. अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी १८४६ साली किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले आणि ते जगवले. त्यासाठी पाणी उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कितीतरी वेळ ओतत राहावे लागे, म्हणजे त्यात हवा मिसळे. हे काम त्यांची मोलकरीण करी. आज दादाच्या कपाटात जो पंप गुणगुणतो त्याच्या जागी तेव्हा एका बाईचे दोन हात होते, आणि तिचे नाव इतिहासात नाही. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून दाखवले, की प्राणी जो कर्बवायू सोडतो तो वनस्पती घेते आणि वनस्पती जो प्राणवायू सोडते तो प्राणी घेतो. पाणी न बदलता संसार चालतो. गॉसने आणि वॉरिंग्टनने हेच तत्त्व, स्वतंत्रपणे, खाऱ्या पाण्याला लावले.

गॉसची पद्धत साधी आणि म्हणूनच कोणालाही जमण्यासारखी होती. समुद्रशैवालाला मुळे नसतात, ते खडकाला घट्ट चिकटलेले असते. ते ओरबाडून आणले तर सडते, म्हणून ज्या खडकावर ते वाढले त्याचा तुकडाच छिन्नीने फोडून आणायचा. आधी शैवाल पाण्यात रुळू द्यायचे, मग प्राणी सोडायचे, आणि तेही थोडे. उजेड हवा, पण ऊन नको. मेलेला जीव ताबडतोब बाहेर काढायचा. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने १८५४ साली कृत्रिम समुद्रजलाची कृतीही प्रसिद्ध केली. साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढ्या चार क्षारांत त्याने समुद्र बसवला.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी वेमथच्या समुद्रातून गॉसने जिवंत जीव पकडून पाठवले होते. १८५४ साली त्याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. आतली रंगीत चित्रे त्याने स्वतः काढलेली. अशा टाकीला तोवर निरनिराळी नावे होती, काही बोजडही. अ‍ॅक्वेरियम हा सुटसुटीत शब्द या अर्थी रूढ केला तो गॉसने. १८४५ साली काचेवरचा कर उठल्यामुळे काच स्वस्त झालीच होती, रेल्वेने समुद्रकिनाराही जवळ आला होता. बघता बघता इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतून काचेतला समुद्र दिसू लागला. गॉस १८५५ साली किनाऱ्यावरच वर्ग भरवून स्त्री-पुरुषांना डबक्यांत काय पाहावे हे शिकवत होता. १८५६ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पदवी नाही, विद्यापीठाचे तोंड पाहिलेले नाही, तरी त्याला हा मान मिळाला.

पण पुष्कळांच्या टाक्या लवकरच हिरव्या पडल्या, घाण मारू लागल्या आणि माळ्यावर गेल्या. याचे कारण गॉसलाही पुरते कळणे शक्य नव्हते. त्याचा हिशेब प्राणवायू आणि कर्बवायूचा होता. माशांच्या उत्सर्गातून येणारा अमोनिया हे खरे विष. त्याचे सौम्य द्रव्यांत रूपांतर करणारे जंतू विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने वेगळे काढून दाखवले ते १८९० च्या सुमारास, गॉस गेल्यानंतर. हे जंतू वाळूत आणि खडकांवर राहतात, म्हणजे गॉसच्या खडकाच्या तुकड्यांबरोबर ते नकळत येतच होते. शिवाय दिवाणखान्यातल्या एकाच लहान भांड्यात हा समतोल फार नाजूक राहतो. यावर उपाय शोधला तो विल्यम आल्फर्ड लॉइड याने. लंडनमध्ये समुद्री जीव आणि टाक्या विकणारा हा माणूस. १८७१ साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्याने लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या कितीतरी पट पाणी खाली अंधाऱ्या, थंड हौदात ठेवले आणि ते पंपाने सतत फिरवत ठेवले. दादाच्या संपाचा हा खापरपणजोबा. वर जे सुंदर दिसते ते जगायचे असेल तर खाली, नजरेआड, काही तरी राखून ठेवावे लागते. हे वाचताना मला सारखे गॉसच्या घराकडे पाहावेसे वाटत होते.

कारण त्या घरावर याच सुमारास घाला आला. एमिलीला स्तनाचा कर्करोग झाला. वेदनादायक उपचार झाले, उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये ती गेली. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता. मुलाला देवाच्या कार्याला वाहा, ही तिची शेवटची इच्छा बापाने आज्ञा मानली. त्याच वर्षी त्याने ‘ओम्फलॉस’, म्हणजे नाभी, हे पुस्तक लिहिले.

या पुस्तकाची नेहमी टिंगल होते, पण त्यातला विचार आपल्याला अगदी परका नाही. आपल्याकडे बीजांकुरन्याय आहे. बी आधी की झाड आधी? गॉस म्हणतो, जीवन हे वर्तुळ आहे, आणि देवाने सृष्टी निर्माण केली तर त्या वर्तुळात कुठे तरी मध्येच प्रवेश केला पाहिजे. मग पहिल्या झाडाच्या खोडातही न सरलेल्या वर्षांची वलये असणार, आईविना जन्मलेल्या आदमलाही नाभी असणार. तसेच खडकांतले जीवाश्म हे कधीही न घडलेल्या भूतकाळाची खूण असतील. मला वाटते, टाकी मांडणाऱ्या माणसालाच हे सुचावे. वाढलेले शैवाल आणि वाढलेले जीव पाण्यात सोडून तो वर्तुळ मध्येच तर सुरू करत असतो.

गॉसला वाटले होते, आपण भूशास्त्र आणि बायबल यांचे भांडण मिटवले. पण दोन्ही पक्षांनी पाठ फिरवली. त्याचा मित्र आणि चाहता, कादंबरीकार चार्ल्स किंग्जली, यालाही देवाने खडकांवर एवढे मोठे असत्य लिहून ठेवले असेल हे पटेना. दोन वर्षांनी, १८५९ साली, डार्विनचा ग्रंथ आला आणि ‘ओम्फलॉस’ विस्मरणात गेले. पत्नी गेली, पुस्तक बुडाले. त्या काळोखात बाप आणि मुलगा टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्च येथे राहायला गेले.

‘फादर अँड सन’ मध्ये जे अंधारे घर येते ते मुख्यतः इथले. नाताळचा सण मूर्तिपूजकांचा म्हणून नोकरांनी चोरून केलेली पुडिंग बापाने राखेच्या ढिगात फेकल्याचा प्रसंग एकदा वाचलेला कोणी विसरत नाही. घरात कथा-कादंबऱ्यांना बंदी. मुलाच्या मनातला प्रत्येक विचार बापाला उघडा हवा. खालचा कप्पाच नाही, सगळे वरच्या दिव्याच्या प्रकाशात. पुढे १८६७ साली एडमंड लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागला, तरी श्रद्धेची चौकशी करणारी पत्रे येतच राहिली. अखेर मुलगा त्या धर्मातून बाहेर पडला. तो मोठा समीक्षक झाला. आपल्या तोरू दत्तच्या मृत्यूनंतर १८८२ साली निघालेल्या कवितासंग्रहाला त्याची प्रस्तावना आहे, आणि सरोजिनी नायडूंना इंग्रजी पक्ष्यांऐवजी आपल्या देशाविषयी लिहिण्याचा सल्ला त्यानेच दिला.

माझे ट्यूटोरियल इथे संपले होते. पण पुस्तक पुन्हा वाचताना पूर्वी नजरेतून सुटलेली एक गोष्ट दिसली. कादंबऱ्यांना बंदी असलेल्या त्या घरात मुलाच्या हाती ‘टॉम क्रिंगल्स लॉग’ ही वेस्ट इंडीजमधल्या सागरी साहसांची कादंबरी ठेवली ती खुद्द बापाने. आपल्या तरुणपणीच्या जमैकाचा समुद्र मुलाला दिसावा म्हणून. तिथून एडमंडच्या कल्पनेला वाट फुटली. आसरा ठेवलाच नव्हता असे नाही. एक फट होती, आणि ती बापानेच ठेवली होती. शिवाय ‘फादर अँड सन’ निघाले १९०७ साली, बाप जाऊन एकोणीस वर्षे झाल्यावर. त्याला उत्तर देता आले नाही. २००२ साली अ‍ॅन थ्वेट यांनी फिलिपचे चरित्र लिहिले. पत्रे आणि कागदपत्रे तपासून त्यांनी दाखवले, की तो मुलाने रंगवला त्याहून कितीतरी प्रेमळ, हसरा आणि मुलात रमणारा होता. मी साहित्यकृतीला पुरावा समजलो, ही माझी चूक.

बापलेक टॉर्कीच्या खडकांवर तासन्‌तास एकत्र वाकून डबकी पाहत. ‘फादर अँड सन’ मधली सर्वांत उजळ पाने तीच आहेत, आणि सर्वांत दुःखाचे पानही तिथलेच. गॉसची पुस्तके वाचून लोकांचे तांडे बरण्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. शतकानुशतके अस्पर्श राहिलेली, समुद्रपुष्पांनी भरलेली डबकी काही वर्षांत ओकीबोकी झाली. एडमंड लिहितो, की वडिलांना हे मरणापूर्वी पुरते उमगले आणि त्याचा सल त्यांना फार होता. ज्याने समुद्रावर इतके प्रेम केले त्याच्याच हातून हे झाले. खडकाचा तुकडा फोडून आणा असे सांगताना, आपल्यामागून हजार छिन्न्या येतील हे त्याला कसे सुचावे?

१८६० साली त्याने एलिझा ब्राइटवेनशी दुसरे लग्न केले. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या समुद्रपुष्पांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ पुरा झाला. उतारवयात तो ऑर्किडची फुले वाढवी आणि सूक्ष्मदर्शकाखाली चक्रधारी जंतू पाही. त्यांच्यावरचा मोठा ग्रंथ हडसन यांच्याबरोबर १८८६ साली निघाला, तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता. आपल्याला मृत्यू येणारच नाही, ख्रिस्त त्याआधी येऊन नेईल, ही आशा त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो गेला.

आपल्या देशात २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले. दादाच्या टाकीत खडक आहेत, शेवाळ आहे, चार मासे आहेत, प्रवाळ नाही. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, की ते जिथे आहेत तिथे ओहोटीला जाऊन पाहावेत. त्याने संप नव्याने जोडला आहे. या वेळी नळीला भोक पाडले आहे आणि टाकीचा वरचा चौथा हिस्सा रिकामा सोडला आहे. वीज परत गेली होती, फरशी कोरडी राहिली, असे वहिनींनी कळवले आहे.

ट्यूटोरियलही मी पुन्हा लिहून सरांकडे दिले आहे. गुण वाढणार नाहीत हे मला ठाऊक आहे. पण त्यातली ती तीन विशेषणे आता खोडलेली आहेत.